गावाला स्वतःचं छोटं एक्स्चेंज, की शहरातल्या मोठ्या एक्स्चेंजची शाखा?

अंत्रुज (धागा सुरू करणारे)

गोव्यातल्या गावोगावची जुनी टेलिफोन एक्स्चेंजं एकामागून एक बंद होत आहेत. त्यांचा विषय निघाला की एक मत हटकून ऐकू येतं: ऐंशीच्या दशकात देशी यंत्र बनवण्यात वेळ घालवला, सरळ परदेशी डिजिटल एक्स्चेंजं घेतली असती तर गावांत फोन कितीतरी आधी पोचले असते. हे मत मला चुकीचं वाटतं. माझी कारणं अभिमानाची नाहीत, यंत्राच्या रचनेची आहेत.

मुळात परदेशी तंत्र आपण घेतलंच होतं. १९८२ साली फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेलशी करार झाला आणि ई-टेन-बी एक्स्चेंज आयटीआय या सरकारी टेलिफोन कंपनीच्या मनकापूरच्या (उत्तर प्रदेश) कारखान्यात बनू लागलं. यंत्र चांगल्या घराण्यातलं होतं. ब्रिटनी प्रांतात पेरो-गिरेक इथे १९७० साली सार्वजनिक सेवेत आलेलं 'प्लाटों' हे टाइम-डिव्हिजन पद्धतीचं (एका तारेवर वेळ वाटून अनेक संभाषणं नेणारं) पहिलं डिजिटल एक्स्चेंज, आणि ई-टेन ही त्याचीच पुढची पिढी. त्यामुळे देशी की परदेशी हा खरा प्रश्न नव्हता. हजारो लाईनींसाठी आखलेलं यंत्र सत्तर फोनांच्या गावात कसं बसवायचं, हा होता.

मोठ्या एक्स्चेंजला वातानुकूलित खोली, जनरेटर, मोठा बॅटरी संच आणि जागेवर शिकलेला माणूस लागतो. हा खर्च १०,००० लाईनींवर वाटला तर जाणवत नाही, सत्तरांवर वाटला तर फोन परवडत नाही. ऑगस्ट १९८४ मध्ये देशी एक्स्चेंज बनवण्यासाठी सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली, ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये एवढ्या मर्यादेत. सॅम पित्रोदा आणि जी. बी. मीमांसी यांच्या चमूने सुरुवात केली ती १२८ पोर्टांच्या (जोडण्यांच्या) छोट्या यंत्रापासून. जुलै १९८६ मध्ये कित्तूरला पहिलं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज, म्हणजे रॅक्स, सुरू झालं. कित्तूर आपल्याला परकं नाही, चोर्ला घाट चढून बेळगाव गाठलं की धारवाडच्या वाटेवर आहे.

रॅक्स एका छोट्या कपाटात मावायचं आणि एसीशिवाय चालावं याच हिशेबाने आखलेलं होतं. नियंत्रण करणारी कार्डं (सर्किट बोर्ड) दुहेरी, एक बंद पडलं की दुसरं काम उचलणार. १२८ पोर्टांपैकी काही ट्रंकांना (दुसऱ्या एक्स्चेंजकडे जाणाऱ्या लाईनींना) आणि सेवा सर्किटांना जात, म्हणून ग्राहक शंभराच्या आत राहत. पण शंभराच्या आतलं गाव हेच तर गोव्यातलं नेहमीचं गाव! पंचायतीच्या इमारतीतली एक खोली, ४८ व्होल्टची बॅटरी आणि शहराकडे जाणारी एक लिंक एवढ्यावर सत्तरी-सांगेतल्या गावाला डायल टोन मिळाला. परदेशी कंपन्यांची मोठी एक्स्चेंजं या मापासाठी आणि या हवामानासाठी आखलेली नव्हती.


मांडवीपार

अंत्रुजबाब, तुमची मांडणी मुळाशीच अपुरी आहे. सत्तर फोनांच्या गावात दहा हजारांचं यंत्र बसवा असं कुणीच म्हणत नव्हतं. डिजिटल एक्स्चेंजचा सगळ्यात मोठा फायदाच हा की ते तुकड्यांत विभागता येतं. मेंदू शहरात आणि ग्राहकांची कार्डं गावात.

कसं ते सांगतो. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे एका संभाषणाला ६४ किलोबिट. अशी ३० संभाषणं आणि दोन जास्तीचे टाइम-स्लॉट (शून्यावा जुळणीसाठी, सोळावा संकेतांसाठी) मिळून २.०४८ मेगाबिटची एक डिजिटल लिंक, तिला पीसीएम म्हणतात. गावात फक्त ग्राहक कार्डं असलेला काँसन्ट्रेटर (अनेक ग्राहकांचे कॉल मोजक्या मार्गांवर एकवटणारा डबा) ठेवायचा आणि त्याला शहराशी एक-दोन पीसीएमने जोडायचं. नंबरांचं विश्लेषण, मीटर, बिल, दोषांची नोंद हे सगळं शहरात. अल्काटेलच्या पुढच्या ओसीबी-२८३ एक्स्चेंजमध्ये सीएसएन नावाचं युनिट असंच दूर ठेवता येतं, साधारण ५,००० ग्राहकांपर्यंत. सीमेन्सच्या ईडब्ल्यूएसडीचं डीएलयू ९५२ ग्राहकांचं. दोन्ही कमी भरूनही चालतात.

उलट प्रत्येक गावात स्वतंत्र रॅक्स ठेवलं की प्रत्येक गावात वेगळा डेटा, वेगळे मीटर, वेगळं सॉफ्टवेअर. दर बदलला तर प्रत्येक ठिकाणी जाऊन बदल. मीटरचं वाचन प्रत्येक ठिकाणचं. कुठल्या गावाचं यंत्र अर्धवट मेलंय हे शहरात बसून कळत नाही, तक्रार आल्यावर कळतं.

दुसरं, उशिराचं काय? ३६ महिन्यांत मोठं एक्स्चेंजही यायचं होतं. छोटं आलं, मोठं रखडलं. ज्या प्रोसेसरवर मोठं एक्स्चेंज उभं करायचं त्याची खरी परीक्षा लाईनींच्या संख्येने होत नाही, बीएचसीएने होते, म्हणजे गर्दीच्या तासात किती वेळा कुणी डायल करायला घेतलं. आपल्याकडे कॉल पहिल्या फटक्यात लागत नसे, माणूस चार-पाच वेळा फिरवायचा. बोलणं एकच, पण प्रोसेसरला काम पाच कॉलांचं. इथेच गाडं अडलं. पुढे सी-डॉटचं मोठं एक्स्चेंज मॅक्स-एक्सएल ३२ बेस मॉड्यूल (त्याचे मूळ घटक) आणि ४०,००० लाईनींपर्यंत गेलं हे खरं, पण तोवर १९९१ नंतरचं परदेशी कंपन्यांसाठीचं दार उघडलं होतं आणि एएक्सई, फाइव्ह-ईएसएस, ईडब्ल्यूएसडी ही त्यांची एक्स्चेंजं शहरांत आली होती. मोठं काम त्यांनी उचललं.


केपेकर

मांडवीपार, तुमचा काँसन्ट्रेटर कागदावर बरोबर आहे. त्याला शहराशी बांधणारी लिंक गृहीत धरू नका, एवढंच म्हणणं आहे. १९८८-८९ साली केपे, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांपर्यंत ऑप्टिकल फायबर नव्हती. डोंगरावरून डोंगरावर जाणारी ३० चॅनेलची यूएचएफ लिंक मिळाली तर नशीब. पावसाळ्यात वीज गेली, रिपीटरची बॅटरी बसली की लिंक गेली.

लिंक गेली की काँसन्ट्रेटरचं काय होतं? साध्या काँसन्ट्रेटरमध्ये गावातल्या गावात कॉल लागत नाही, डायल टोनसुद्धा येत नाही, कारण डायल टोन द्यायचा निर्णयही शहरातला मेंदू घेतो. सीएसएन आणि डीएलयूमध्ये आणीबाणीची स्वतंत्र सोय होती, पण ती मर्यादित, मीटर न पडणारी. रॅक्समध्ये लिंक गेली तरी वाड्यावरून डॉक्टरला फोन लागतो, पोलीस चौकी लागते. गावाच्या दृष्टीने तोच फोन महत्त्वाचा.

आता हिशेब. ग्राहक ९० धरा, गर्दीच्या तासात प्रत्येकी ०.१ अरलांग, म्हणजे तासातले सहा मिनिटं फोन व्यग्र. एकूण ९ अरलांग. ७० टक्के कॉल गावाबाहेरचे धरले तर ६.३ अरलांग. शंभरात एकच कॉल अडावा असं हवं असेल तर अरलांग-बी कोष्टकाप्रमाणे १३ ट्रंक पुरतात. रॅक्स तेरा ट्रंकांवर भागवतं. गाव वाढून ५०० फोनांचं झालं की बाहेरची वाहतूक ३५ अरलांग होते आणि ट्रंका ४७, म्हणजे दोन पीसीएम. तिथे तुमचं गणित बसायला लागतं. कुठलं यंत्र कुठल्या आकाराला, याचं उत्तर १३ आणि ४७ या दोन आकड्यांत आहे.

आणि मधला टप्पा सी-डॉटनेही दिला होता, तो विसरू नका. बेस मॉड्यूलमध्ये १२८ पोर्टांची चार टर्मिनल युनिटं, एकूण ५१२ टाइम-स्लॉट. त्याला लाईन मॉड्यूल जोडून चार ग्राहकांमागे एक स्लॉट या प्रमाणात ग्राहक वाढवता येतात, दोन हजारांच्या घरात. हेच बेस मॉड्यूल एकटं चालवलं तर एसबीएम (सिंगल बेस मॉड्यूल), सोळा किंवा बत्तीस जोडली तर मॅक्स, आणि दूर ठेवलं तर रिमोट युनिट. तेच कार्ड, तोच सुटा भाग. तालुक्याच्या ठिकाणी एसबीएम आणि आसपास रॅक्स, अशी वाटणी त्यातूनच शक्य झाली.


तांबडी माती

दोन्ही बाजू एक्स्चेंजच्या खोलीच्या आत भांडत आहेत. गोव्यात फोन बंद पडायचे ते खोलीच्या बाहेर. मुद्दा तांब्याचा आहे आणि मातीचा आहे.

०.५ मिलिमीटरच्या तारेचा जोड-रोध किलोमीटरला सुमारे १७० ओहम, ०.४ च्या तारेचा सुमारे २७०. एक्स्चेंज ४८ व्होल्ट देतं आणि लूप (एक्स्चेंजपासून फोनपर्यंत जाऊन परत येणारी तार) साधारण १,००० ओहमच्या आत असला की नीट चालतं. त्यातले २०० फोनला सोडा. उरले ८००. म्हणजे ०.५ ची केबल पावणेपाच किलोमीटरपर्यंत, ०.४ ची तीन किलोमीटरपर्यंत. आपलं गाव एका ठिकाणी वसलेलं नसतं. चर्चजवळ चार घरं, देवळाजवळ सहा, मग शेत, मग डोंगराच्या पोटात आणखी एक वाडा. शेवटच्या वाड्यापर्यंत केबल जाते तेव्हा तीन किलोमीटर कधीच ओलांडलेले असतात. ई-टेन-बी काय, सी-डॉट काय, लूपचा रोध वाढला की फोन उचलल्याचं एक्स्चेंजला कळत नाही.

त्यात जांभा. चर खणायला ब्रेकर लागतो, म्हणून केबल हवी तेवढी खोल जात नाही आणि मग रस्ता रुंद करणारा जेसीबी ती उचलतो. खांबांवरून नेली तर माडाचं चुडत पडतं. जोडणी नीट आकसून बसवली नसेल तर पहिल्या पावसात पाणी शिरतं, आणि जेलीभरली केबलसुद्धा जोडणीतून गळते. तारांमधली गळती वाढून रोध फार खाली उतरला की एक्स्चेंजला वाटतं कुणीतरी फोन उचलून ठेवलाय. लाईन 'लॉकआउट'मध्ये जाते, म्हणजे एक्स्चेंज ती बाजूला काढून ठेवतं, आणि ग्राहक म्हणतो एक्स्चेंज खराब.

मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजांचं तर विचारू नका. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, अर्थिंगचा रोध चढतो. एमडीएफवरच्या (बाहेरच्या तारा एक्स्चेंजला जिथे जोडतात त्या चौकटीवरच्या) संरक्षक मॉड्यूलमधली गॅस ट्यूब विजेचा लोंढा जमिनीत सोडायला तयार असते, पण जमीनच घेत नाही. मग तो ग्राहक कार्डावर येतो. सी-डॉटच्या एका ग्राहक कार्डावर ८ लाईनी. कार्ड गेलं की आठ घरं गेली. एक्स्चेंजचा अर्थ एक-दोन ओहमच्या आत हवा, आणि तो मोजायचा असतो एप्रिलमध्ये, जमीन कोरडी असताना. जुलैत मोजलेला आकडा छान येतो आणि निरुपयोगी असतो.

डायल टोन नसेल तर दोष कुठे आहे हे दहा मिनिटांत ठरतं, आणि ते ठरवल्याशिवाय कार्ड बदलू नये. एमडीएफवर त्या जोडीचं संरक्षक मॉड्यूल काढा, म्हणजे बाहेरची लाईन सुटते. एक्स्चेंजच्या बाजूला टेस्ट फोन लावा. टोन आला तर दोष बाहेर. नाही आला तर ते कार्ड आणि शेजारच्या खाचेतलं चांगलं कार्ड यांची अदलाबदल करा. दोष कार्डाबरोबर सरकला तर कार्ड मेलंय. खाचेतच राहिला तर मागची वायरिंग किंवा त्या गटाचा कंट्रोलर. आठही लाईनी एकदम गेल्या असतील तर आधी त्या फ्रेमचा पॉवर सप्लाय पाहा. बहुतेक वेळा पहिल्याच पायरीला उत्तर मिळतं: बाहेर.


दर्या

तांबडी मातीबाबांचं बाहेरचं सगळं मान्य, पण खोलीच्या आतली एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते. "एसीशिवाय चालतं" हा गुण म्हणून सांगितला जातोय. किनाऱ्यावर, सासष्टी आणि बार्देसमध्ये, तो गुण नाही. कित्तूर कोरडं आहे. तिथे ४० अंशांत चाललेलं यंत्र कोलव्याला ३० अंशांत चालेलच असं नाही, कारण आपला शत्रू उष्णता नाही. ओलावा आणि मीठ आहे.

एसी नसला की खिडकी उघडी. खिडकी उघडी की समुद्राची हवा आत. कार्डाच्या टोकाच्या संपर्कांवर आणि मागच्या कनेक्टरवर मिठाचा पातळ थर बसतो, तो ओलावा धरून ठेवतो आणि संपर्क काळा पडतो. मग येणारे दोष सगळ्यात वाईट जातीचे: कार्ड काढून परत बसवलं की चालतं, आठवड्याने पुन्हा बंद. कार्ड काढ-घाल केल्याने संपर्क घासून थोडा साफ होतो एवढंच, रोग तिथेच असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोकं पुसायची, कनेक्टरची पकड तपासायची आणि खोली बंद ठेवायची, हा उपाय. खोडरबराने घासू नये, सोन्याचा मुलामा निघून जातो आणि तांबं उघडं पडतं.

पॉवर सप्लाय कार्डांचंही तेच. सतत चालू असलेल्या कार्डातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत जातात. कार्ड चालू असेपर्यंत ठीक, एकदा बंद केलं की परत उठत नाही. म्हणून देखभालीसाठी वीज बंद करण्याआधी सुटं कार्ड हातात असलंच पाहिजे.

तेव्हा अंत्रुजबाब, सत्तरीत रॅक्स बरोबर असेल. किनाऱ्याला मात्र बंद, थंड, कोरडी खोली आणि तिच्यात मोठं एक्स्चेंज हेच बरोबर होतं. कळंगुट, कांदोळीला तर डिसेंबरात हॉटेलांचे आयएसडी कॉल, सासष्टीत आखाताकडे जाणारे कॉल. तिथल्या एका लाईनीवरची वाहतूक ०.१ अरलांगात मावत नाही.


अंत्रुज

दर्याबाय, ओलाव्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते प्रत्येक देखभाल करणाऱ्याने वाचावं. पण एसी हे ओलाव्याचं उत्तर तेव्हाच, जेव्हा वीज अखंड असते. भर पावसात वीज सहा तास गेली की जनरेटर नसलेल्या खोलीतला एसी बंद पडतो, आणि थंड झालेल्या कार्डांवर बाहेरची दमट हवा येऊन दव धरतं. थंड बाटलीवर धरतं तसंच. एसीची खोली अर्धवट चालवणं हे एसी नसण्यापेक्षा वाईट. गावात जनरेटर नाही, डिझेल आणून देणारा नाही, म्हणून तिथे एसी नसलेलं, स्वतःच्या उष्णतेने थोडं कोमट राहणारं कपाट जास्त टिकतं. बंद खोली, जाळी लावलेली झडप आणि आत सतत चालू यंत्र.

मांडवीपार यांना एक जुना दाखला. १९६४ साली बेल्जियमच्या बीटीएम कंपनीशी करार करून पेंटाकोंटा क्रॉसबार (डिजिटलच्या आधीची विद्युत-यांत्रिक) एक्स्चेंजं आणली. यंत्र युरोपात उत्तम चालायचं. इथे एका फोनवर युरोपातल्यापेक्षा कितीतरी जास्त कॉल पडत, कारण फोन कमी आणि वापरणारे अनेक. एका दुकानातल्या फोनवर अख्खा बाजार बोलायचा. कमी वाहतुकीसाठी आखलेले सामाईक भाग गर्दीच्या तासात गुदमरले आणि बरीच दुरुस्ती करून भारतीय वाहतुकीला साजेसं क्रॉसबार बनवावं लागलं. सरळ परदेशी घ्या म्हणणाऱ्यांनी ही वीस वर्षं हिशेबात धरलेली नाहीत. इथल्या गर्दीसाठी, इथल्या विजेसाठी आखलेलं यंत्र हवं, हा धडा सी-डॉटच्या आधीचा आहे.


मांडवीपार

पेंटाकोंटाचा दाखला मला मान्य आहे, पण तो माझ्या बाजूने जातो. क्रॉसबारमध्ये सामाईक भाग लोखंडाचे होते, वाहतूक वाढली की नवे रॅक लावा. डिजिटलमध्ये तीच क्षमता सॉफ्टवेअर आणि प्रोसेसर बदलून वाढते, म्हणून परदेशी डिजिटल एक्स्चेंज इथल्या गर्दीला जुळवणं खूप सोपं होतं. १९९१ नंतर ते झालंच.

आणि तुमच्या व्यवस्थेचा एक तोटा कुणी बोलत नाही: किती जातींची यंत्रं सांभाळायची? एका जिल्ह्यात सी-डॉट, ई-टेन-बी, शिवाय आणखी एक-दोन. प्रत्येकाच्या आज्ञा वेगळ्या, कार्डं वेगळी, प्रशिक्षण वेगळं. सुटे भाग एका यंत्राचे दुसऱ्याला चालत नाहीत. एकच जात असती तर अर्ध्या माणसांत काम झालं असतं.


पेडणेकर

एकच जात असण्याची किंमत १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेने मोजली. एटी-अँड-टीच्या लांब पल्ल्याच्या जाळ्यात ११४ फोर-ईएसएस एक्स्चेंजं, सगळ्यांत एकच सॉफ्टवेअर. न्यूयॉर्कमधलं एक यंत्र छोट्या दोषामुळे स्वतःला पुन्हा सुरू करून परतलं आणि आपण आलो आहोत असे संदेश शेजाऱ्यांना पाठवू लागलं. त्या संदेशांमुळे शेजारी कोलमडले, ते परत उठताना त्यांचे शेजारी. नऊ तास जाळं पांगळं. कारण सी भाषेतल्या कार्यक्रमातलं एक चुकीच्या जागी पडलेलं 'ब्रेक'. वेगवेगळ्या जाती असत्या तर ही लाट एका जातीपाशी थांबली असती. सुट्या भागांचा त्रास खरा आहे, पण तो रोजचा आणि छोटा.

मला मात्र या चर्चेत दोन गोष्टी हव्या होत्या, त्या आल्या नाहीत.

पहिली नंबरांची. पूर्वी मडगावकडचा एसटीडी कोड ०८३४ होता, पणजीचा ०८३२. आज सगळ्या गोव्याला ०८३२. जुन्या स्ट्रोजर (यांत्रिक) एक्स्चेंजात असा बदल म्हणजे वायरी सोडून पुन्हा बांधायच्या. डिजिटलमध्ये हे भाषांतर कोष्टकाचं काम: सुरुवातीचे आकडे वाचून मार्ग, दर आणि पुढे किती आकडे पाठवायचे हे ठरवणाऱ्या ओळी बदलायच्या. पण ते प्रत्येक एक्स्चेंजात, आणि ठरलेल्या रात्री. एका ठिकाणी राहिलं की तिथून फिरवलेला नंबर चुकीच्या मार्गावर जातो आणि 'हा नंबर अस्तित्वात नाही' अशी घोषणा ऐकू येते. इथे मांडवीपार बरोबर आहेत: मेंदू जितके जास्त, चूक राहायच्या जागा तितक्या जास्त. शंभर छोटे मेंदू सांभाळणं हे रॅक्सवाल्या योजनेचं खरं ओझं होतं.

दुसरी घड्याळाची. दोन डिजिटल एक्स्चेंजांची घड्याळं किंचित वेगळी चालली की ठरावीक काळाने एक पूर्ण फ्रेम (सगळ्या टाइम-स्लॉटांची एक फेरी), १२५ मायक्रोसेकंदांची, गळते किंवा दुप्पट होते. याला स्लिप म्हणतात. दोन्हीकडे उत्तम घड्याळं, प्रत्येकाची चूक दहाच्या उणे अकराव्या घाताइतकी, असतील तर स्लिप सत्तरेक दिवसांनी एकदा. छोट्या एक्स्चेंजने वरच्याकडून घड्याळ घेणं सोडलं आणि स्वतःच्या क्रिस्टलवर दहा लाखांत एक या चुकीने चालू लागलं, तर दर १२५ सेकंदांना एक. बोलताना हलकी टिचकी ऐकू येते, कुणी तक्रार करत नाही. फॅक्सची मात्र ओळ तुटते, मोडेम गती उतरवतो. मोठ्या एक्स्चेंजात या अलार्मकडे बघायला माणूस असतो, रॅक्समध्ये लाल दिवा बघायला कुणी नसतो. गावातून फॅक्स जात नाही या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा तांब्यात नसून इथे असतं.


तांबडी माती

पेडणेकरबाब, घड्याळाचा मुद्दा पक्का. पण २००५ च्या जानेवारीत ब्रॉडबँड आलं तेव्हा एक्स्चेंजची जात कुणी विचारली नाही. डीएसलॅम (ब्रॉडबँडचं यंत्र) एमडीएफला जोडला, स्प्लिटर (आवाज आणि इंटरनेट वेगळं करणारा) लावला आणि त्याच जोडीवर इंटरनेट गेलं. ज्या गावात केबल चांगली, तिथे गती. जिथे जोडणीत पाणी, तिथे नाही. एक्स्चेंज सी-डॉटचं असो की फ्रेंच, तीन किलोमीटरनंतर एडीएसएल दोन्हीकडे सारखंच मंद. माझं म्हणणं तेच राहतं.


केपेकर

तेच सांगायचं होतं, की चांगल्या केबलचा पाया छोट्या एक्स्चेंजामुळेच मिळाला. एक्स्चेंज गावात असल्याने तांब्याची लांबी तीन-चार किलोमीटरांत राहिली. शहरातूनच लाईनी ओढल्या असत्या तर दहा-बारा किलोमीटरच्या लूपवर ना आवाज गेला असता ना पुढे ब्रॉडबँड. काँसन्ट्रेटरनेही तांबं तेवढंच आखूड राहिलं असतं, हे मी मांडवीपार यांच्या बाजूने कबूल करतो. पण तेव्हा, त्या लिंकवर, तो टिकला नसता.

आताचं बोलायचं तर सी-डॉटचं मॅक्स-एनजी हे मांडवीपार यांच्या कल्पनेजवळ आलंय. जुन्या फ्रेम, एमडीएफ, पॉवर प्लांट आहेत तिथेच, ग्राहक कार्डांच्या जागी गेटवे कार्डं (आवाज इंटरनेट पद्धतीने नेणारी) आणि मेंदू दूर, आयपीवरून. फायबर पोचली म्हणून हे जमतंय.


मांडवीपार

म्हणजे शेवटी रचना तीच झाली, केपेकरबाब. फरक वीस-पंचवीस वर्षांचा. मी यूएचएफ लिंक कमी लेखत नाही, पण त्या काळात लिंकवर जास्त पैसा घातला असता आणि प्रत्येक गावात मेंदू बसवण्यावर कमी, तर तोच पैसा आजही उपयोगी पडला असता. खांब, मनोरे, चर, फायबर टिकतात. १२८ पोर्टांचं कार्ड भंगारात जातं.


दर्या

भंगारात जाताना एक गोष्ट त्याच्याबरोबर जातेय, तिचा विचार या धाग्यात व्हायला हवा. जुन्या एक्स्चेंजात २४ सेल, ४८ व्होल्टची बॅटरी होती आणि ग्राहकाचा फोन तिच्यावर चालायचा. घरातली वीज गेली तरी फोन चालू. फायबरवर गेल्यावर ही जबाबदारी ग्राहकावर आली. घरातला ओएनटी (फायबर जिथे येऊन संपते तो डबा) १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर चालतो, वायफायसकट साधारण १० वॉट खातो. चवथीच्या आसपास पावसात वीज गेली की लँडलाईन लगेच मुकी.

१२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. त्यातले ऐंशी टक्के धरले तर ओएनटी सहा-साडेसहा तास चालतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जोडणी देताना ही बॅटरी सोबत बसवून द्यायला हवी, आणि दोन-तीन वर्षांनी बदलायची तारीख तिच्यावर लिहायला हवी.


अंत्रुज

सहमत, आणि एक भर. ती बॅटरी नुसती जोडून चालत नाही. चार्ज होताना तिच्यावर १३.५ ते १३.८ व्होल्ट असतात आणि काही ओएनटी १२ पेक्षा फार जास्त व्होल्ट सोसत नाहीत, म्हणून मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा छोटा यूपीएस हवा, बाजारात 'राउटर यूपीएस' म्हणून मिळतो तो. विकत घेताना अ‍ॅडाप्टरवर छापलेले अँपिअर बघून घ्या. दीड अँपिअरच्या ओएनटीला एक अँपिअरचा यूपीएस लावला की तो चालू होतो आणि वायफायवर भार आला की स्वतःला पुन्हा सुरू करत बसतो.